बावीस शेतांची एकच डायरी

आमच्या कार्यालयातला कागद संपवायला पुण्याहून एक प्रशिक्षक आला. आल्या आल्या त्याने काय मागितलं असेल, तर कागद. हजेरीपट छापून हवा होता.

वाशीमला बसस्टँडपासून दहा मिनिटांवर, रासायनिक खतांच्या एका दुकानाच्या माडीवर आमच्या शेतकरी कंपनीचं कार्यालय आहे. कंपनी सेंद्रिय हळद आणि भाजीपाल्याची. खाली युरियाच्या थप्प्या आणि वर आम्ही, हे कोणाला खटकत नाही, कारण जागा अध्यक्षांच्या मेहुण्याची आहे. कंपनी म्हणजे तरी काय, जिल्ह्यातले शेतकऱ्यांचे काही गट, एक अध्यक्ष, एक लेखनिक आणि समन्वयक म्हणून मी.

मी याद्या करणारी बाई आहे. पिशवीत भाजीची यादी वेगळी आणि कामाची वेगळी असते, आणि कामाच्या यादीत आज कोणाला काय आठवण करून द्यायची ही पोटयादी असते. कार्यालयातही माझी एक पद्धत बसलेली होती. एक शेतकरी, एक फाईल. फाईलीत सात कागद: सातबारा, शेताचा नकाशा, हमीपत्र, बियाण्याची नोंद, शेतडायरी, आमची पाहणी, बाहेरच्या तपासनिसाची पाहणी. सातवा कागद आला की लाल पेन्सिलीने टिक आणि फाईलीला दोरी. तीन वर्षं रसायन न वापरता शेती केली आणि तिन्ही वर्षांच्या फाईली पूर्ण निघाल्या की त्या शेतकऱ्याला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळतं. तिसऱ्या वर्षी खोट निघाली तर तो पुन्हा पहिल्या वर्षावर येतो. सापशिडीत नव्व्याण्णववर साप असतो तसं.

ही पद्धत मागासलेली आहे हे आम्हाला प्रशिक्षकाने सांगितलं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने सगळं काम सॉफ्टवेअरवर नेलं होतं. आता फाईल नाही, ‘प्रकरण’. प्रकरण एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर आपोआप सरकणार. या सरकण्याला वर्कफ्लो म्हणायचं. प्रशिक्षकाने हा शब्द दोन दिवसांत इतक्या वेळा वापरला की चहा आणणारा माणूसही शेवटी “वर्कफ्लो ठेवू का?” असं विचारायला लागला.

प्रकरणाला कागद जोडायचे दोन मार्ग होते. एक, ‘प्रत जोडा’. दुसरा, ‘सामाईक फाईल जोडा’.

“मॅम, नेहमी दुसरा,” प्रशिक्षक म्हणाला. “फाईल एकदाच अपलोड करायची, सामाईक फोल्डरमध्ये ठेवायची, आणि हव्या तितक्या वर्कफ्लोंना जोडायची. जागा वाचते. आणि फाईल सुधारली की सगळीकडे आपोआप सुधारते.”

“आणि बिघडली की?” मी विचारलं.

“सॉरी?”

“बिघडली की सगळीकडे आपोआप बिघडते का?”

तो हसला. मोठ्या शहरातली माणसं अडचणीचा प्रश्न आला की असं हसतात, आपण विनोद केला असं आपल्यालाच वाटावं म्हणून. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले आणि मी वहीत लिहिलं: नेहमी दुसरा.

नीट समजून घेतलं तर गोष्ट साधी होती. प्रत जोडली तर कागद त्या प्रकरणात राहतो. सामाईक फाईल जोडली तर प्रकरणात कागद नसतोच. कपाटाच्या कोणत्या कप्प्यात बघायचं एवढी चिठ्ठी असते. कप्प्यात कोणी दुसरा कागद ठेवला तर प्रकरणात तो दुसरा दिसतो. चिठ्ठीच बदलली तर तिसराच दिसतो. आणि कोणी बदललं हे पडद्यावर कुठेही दिसत नाही, कारण जागा वाचवायची असते. कोणाची जागा, आणि वाचवून ती कुठे नेतात, हे मला अजून कळलेलं नाही.

रिठदच्या पुढच्या एका गावात आमचा बावीस शेतकऱ्यांचा गट आहे. त्या गावाची एक रीत आहे आणि ती सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीची आहे. शेतडायरी प्रत्येकाने रोज स्वतः लिहायची असते: काय पेरलं, काय फवारलं, किती पाणी दिलं. गावात ती लिहितात एकटे निवृत्त गुरुजी, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे. महिन्यातून एकदा ते देवळाच्या पारावर बसतात, समोर एक सोडून बाकी एकवीस वह्या, हातात एक पेन, आणि गटप्रमुख सांगतो तसं लिहीत जातात. त्यामुळे त्या गावात एकवीस शेतांत एकाच दिवशी दशपर्णी अर्काची, म्हणजे दहा झाडपाल्यांच्या काढ्याची, फवारणी होते. गावात चालू स्थितीतले पंप चार. एका महिन्यात तर एकवीसही जणांनी दोडक्याला जीवामृत दिलं होतं. दोडका होता तिघांकडे.

मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सात कागद भरले की टिक, ही माझी शिस्त. पाचव्या कागदात काय लिहिलंय हे वाचणं माझ्या यादीत नव्हतं. लोकांना वाटतं की शिस्तीच्या माणसाला खोटं चालत नाही. चांगलं चालतं. फक्त ते वेळेवर आणि योग्य क्रमाने लावलेलं लागतं.

त्या बाविसांत एक मावशी होती. साठीच्या आतबाहेरची, मुलगा आणि सून हंगामात बाहेरगावी कामाला जात, शेत ती एकटी बघे. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून अर्धा एकर हळद आणि विहिरीपाशी थोडी वांगी-मेथी. शाळा चौथीपर्यंत. पण डायरी स्वतः लिहायची. गुरुजींकडे वही दिली नाही म्हणून गावात तिची टिंगल व्हायची. गटप्रमुख मला एकदा म्हणाला होता, “मॅडम, तिले लय गर्व हाय. चौथी शिकली अन् गुरुजीच्या अक्षराले नाव ठेवते.”

तिच्या वहीतलं अक्षर खरंच वाईट होतं. काना एका ओळीत तर मात्रा दुसऱ्या ओळीत. पण नोंदी अशा: ‘आज बुडापाशी सड दिसली. काही मारलं नाही. पाणी तोडलं.’ आणि डिसेंबरातली एक: ‘शेजाऱ्यानं हरभऱ्यावर औषध मारलं. वारा इकडं होता. धुऱ्याकडचे दोन बेड गेले. ते वेगळे ठेवले.’ बाहेरचा तपासनीस शेतावर आला तेव्हा तिने त्याला आपण होऊन ते दोन बेड, म्हणजे हळदीचे गादीवाफे, दाखवले. खुणेला कोपऱ्यांवर पांढऱ्या चिंध्या बांधल्या होत्या. तपासनिसाने अहवालात ते जसंच्या तसं लिहिलं. नियमात हे बसतं. तेवढं क्षेत्र वगळायचं आणि बाकीचं पुढे न्यायचं. तिचं तिसरं वर्ष होतं.

वही घेऊन ती कार्यालयात आली, मी पानं स्कॅन केली, सामाईक फोल्डरमध्ये टाकली, तिच्या प्रकरणाला दुसऱ्या मार्गाने जोडली आणि वही तिला परत दिली. सात कागद झाले. टिक.

पुढे गटप्रमुखांनाही लॉगिन मिळालं. प्रशिक्षकाच्या भाषेत त्यांचं सक्षमीकरण झालं. आमच्या गटप्रमुखाचं इतकं झालं की आठवडाभरात त्याचा फोन आला.

“मॅडम, लय सोपं होय हे. बावीस वह्या कायले पाह्यजेत? गुरुजीनं एकच लिवली. मी फोटो टाकला, ‘सर्वांना जोडा’ दाबलं, बावीस ठिकानी लागली. गुरुजीचा हात बी वाचला.”

“त्याने मध्ये काही विचारलं का?”

“कोनं?”

“सॉफ्टवेअरने.”

“इचारलं न. आधीची जोडणी बदलायची का म्हने. मी हो म्हनलं. ते इचारते अन् आपन हो म्हनतो, दुसरं काय?”

त्या क्षणी मावशीचं प्रकरण उघडून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. सामाईक डायरीचं तेव्हा मला कौतुकच वाटलं असावं. बावीस कागदांऐवजी एक, म्हणजे यादी लहान.

शिवाय एक गोष्ट मी स्वतः करून ठेवली होती. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट होती: ‘कुठेही न जोडलेल्या फायली महिनाअखेरीस आपोआप काढा.’ फोल्डरमध्ये पसारा नको म्हणून मी तिथे खूण केली होती. म्हणजे झालं असं: गटप्रमुखाच्या ‘हो’ने मावशीची डायरी तिच्या प्रकरणातून सुटली, तिच्या जागी गुरुजींची लागली, आणि सुटलेली फाईल महिनाअखेरीस माझ्या स्वच्छतेने पुसून टाकली. दोन अडाण्यांनी मिळून केलेलं काम. त्यातला एक अडाणी फेब्रुवारीपर्यंत स्वतःला हुशार समजत होता.

फेब्रुवारीत बावीस प्रकरणांचे निकाल आले. एकवीस मंजूर. एकाला आक्षेप: ‘डायरीतील नोंदी आणि तपासणी अहवाल विसंगत. शेतकऱ्याने फवारणीचा अंश लपवल्याचे दिसते. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास प्रकरण पहिल्या वर्षावर वर्ग करण्यात येईल.’

म्हणजे एकवीस जणांची डायरी खोटी होती, पण ती त्यांच्या अहवालांशी भांडत नव्हती, म्हणून ते पास. एकटीने खरं सांगितलं, ते अहवालात राहिलं, डायरीत मात्र ‘वारा शांत, दशपर्णी फवारली’ आलं, म्हणून ती लबाड. मोठमोठ्या लोकांनी मोठमोठ्या शहरांत बसून जे यंत्र बनवलं, त्याने बावीस जणांतून नेमका खरा माणूस हुडकून काढला आणि त्याला धरलं.

मी तिला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती रिसोड-वाशीम बसने आली. वही पिशवीत, पिशवी काखेत. मी पडदा तिच्याकडे फिरवला.

बराच वेळ पाहून ती म्हणाली, “ताई, हे अक्षर माहं नाही.”

“माहीत आहे मावशी.”

“हे त गुरुजीचं होय. माह्या नावाखाली गुरुजीचं अक्षर कसं आलं?”

मी सांगितलं. फोल्डर, जोडणी, चिठ्ठी, कप्पा, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

“माही वही तुमी पुसली?”

“वही नाही, वहीचा फोटो. पुसला मीच. चुकून.”

“अन् आता मी पुन्हा पहिलीत?”

लेखनिक मान खाली घालून स्टेपलरच्या पिना भरत होता. आमच्या कार्यालयात काही लाजिरवाणं घडलं की तो पिना भरतो.

मी सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने फाईलीची आधीची आवृत्ती मिळू शकते असं सांगितलं, ‘जर आवृत्ती-जतन सुरू असेल तर’. ते बंद होतं. प्रशिक्षकाने बंद केलं होतं. जागा वाचवायला. मग तिने मला अभिप्राय द्यायला सांगितलं, एक ते पाच तारे. मी फोन ठेवला.

अध्यक्ष दुपारी आले. त्यांनी आक्षेप वाचला आणि अडचण चुटकीसरशी सोडवली. त्यांना सगळ्या अडचणी चुटकीसरशी सुटतात, कारण त्यांतली एकही त्यांची नसते.

“सोपं हाय,” ते म्हणाले. “बाईनं एक पत्र देऊन टाकायचं. ‘दोन बेडांबाबत माझा गैरसमज झाला होता, शेजाऱ्याने फवारणी केलीच नव्हती.’ खाली सही. डायरी अन् अहवाल जुळले, मामला खतम. बावीसच्या बावीस पास.”

मावशी खुर्चीत टेकली नव्हती, दाराशी उभी होती. म्हणाली, “पन त्यानं फवारलं होतं.”

“अवो मावशी, दोन बेडांची गोष्ट. कोन पाहाले येऊन राह्यलं?”

“मंग तीन वर्सं मी कोनाले दाखवाले राबली?”

“तुमाले सर्टिफिकेट पाह्यजे का नाही?”

“पाह्यजे न. माह्या वहीचं पाह्यजे. गुरुजीच्या वहीचं गुरुजीले द्या.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता तुम्ही समजावा. मी खुलाशाचा दुसरा मार्ग त्यांना सांगितला: मूळ वही पुन्हा स्कॅन करायची, या वेळी प्रत म्हणून जोडायची, आणि सोबत कार्यालयाचं पत्र द्यायचं की जोडणीत चूक आमची झाली. त्यांना चालणार होतं. मग मी उरलेलं सांगितलं. चूक कशी झाली हे लिहायचं तर एकच डायरी बावीस प्रकरणांना जोडली होती हे लिहावं लागेल. ते न लिहिता पत्र खरं वाटणार नाही. मूळ वही आक्षेपानंतर बनवली असंच संस्था म्हणेल.

“मॅडम, तुमी एका बाईपायी एकवीस घरं बुडवून राह्यल्या.”

“ती बुडत नाहीत. त्यांनी आपापल्या डायऱ्या द्याव्यात.”

“त्यायच्याजवळ डायऱ्या असत्या त गुरुजी कायले बसले असते पारावर?”

हे मात्र बिनतोड होतं. मी पत्र लिहायला घेतलं. तीन मुद्दे, क्रमवार: गटप्रमुखाने काय दाबलं, मी कोणत्या चौकटीत खूण केली, आणि अशी सामाईक डायरी या गटात जुनीच रीत आहे हे मला ठाऊक असूनही मी टिक मारत आले. तिसरा मुद्दा लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एकदा खोडला, पुन्हा लिहिला. अध्यक्षांनी सही करायला नकार दिला, तेव्हा समन्वयक म्हणून मीच केली आणि पाठवायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं. ते खाली युरियाच्या दुकानात निघून गेले.

आठवड्याने तपासनीस पुन्हा आला. मी त्याच्याबरोबर शेतावर गेले. मावशीची हळद काढून झाली होती, रान मोकळं होतं. फक्त धुऱ्याकडचे दोन बेड जमिनीतच होते, पाला वाळून आडवा झालेला, कोपऱ्यांवर चिंध्या मळून मातीच्या रंगाच्या झालेल्या.

“हे काहून ठेवले, मावशी?” तपासनीस अकोल्याकडचा होता, लगेच आमच्या बोलीत आला.

“काढले असते त कोनते ते कोन सांगतं? ढिगात सगळी हळद पिवळीच.”

त्याने वही मागितली आणि धुऱ्यावर उकिडवं बसून वाचायला लागला. मध्येच एका पानावर थांबला. “हे काय लिवलं? ‘आज काही केलं नाही’?”

“नाही केलं त काय लिवू?”

तो हसला नाही. म्हणाला, “इतक्या डायऱ्या पाह्यल्या. कोन्या शेतकऱ्यानं काही केलं नाही असा दिवसच नसते कोनत्या वहीत.” आणि त्या पानाचा फोटो काढला.

गावात परतताना गटप्रमुख पारापाशी उभा होता. त्याने तपासनिसाला नमस्कार केला, मला केला नाही. संस्थेने एकवीस जणांची मंजुरी थांबवली होती. पुढच्या हंगामात त्यांनी आपापल्या डायऱ्या द्यायच्या, मग बघू, असा निरोप आला होता. पंधरा दिवसांत त्याने एकवीस नव्या फायली अपलोड केल्या आणि मला फोनवर कुत्सितपणे सांगितलं, “घ्या मॅडम, एकवीस येगयेगळ्या. झालं समाधान?” मी उघडून पाहिल्या. एकवीस वेगळ्या होत्या खऱ्या. काही निळ्या शाईत, काही काळ्या. अक्षर सगळीकडे सुरेख. दोडका या वेळी कोणाकडेच नव्हता. मी एकवीसही परत पाठवल्या आणि प्रत्येकावर कारण लिहिलं. या कामाला मला एक अख्खी दुपार लागली. इतकी चांगली दुपार बऱ्याच दिवसांत गेली नव्हती.

गावाने राग काढायचा तो मावशीवर काढला. हळद काढली की ती शिजवावी लागते, आणि वाफेवर शिजवायचा मोठा कुकर गटाचा, पाळीपाळीने मिळणारा. तिची पाळी येईना. आधी सिलिंडर नाही, मग कुकर दुरुस्तीला, मग म्हणे तिची सेंद्रिय हळद आमच्या भांड्यात नासेल. ओली हळद घरात किती दिवस ठेवणार? आधीच ती सावलीत पसरून रोज हाताने उलथत होती.

मार्चमध्ये ती पुन्हा कार्यालयात आली. मी पडद्यावर तिचं प्रकरण दाखवलं. शेवटचा टप्पा हिरवा: मंजूर.

“कागद द्या,” ती म्हणाली.

मी छापून दिला. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. नाव, गट क्रमांक, पीक. एका ओळीवर बोट थांबलं.

“हे ‘वगळलेले क्षेत्र’ म्हंजे माहे दोन बेड?”

“हो.”

“बरोबर हाय.” मग बोट पुढे सरकलं, तारखेपर्यंत गेलं. अध्यक्ष आत बसले होते, त्यांनी बाहेर येऊन अभिनंदन केलं आणि फोटो काढू या म्हणाले. ती म्हणाली, “मंग काढू. आता टाइम नाही.” आणि माझ्याकडे वळली. “याची एक झेरॉक्स करून द्या ताई. अनसिंगकडचा एक कुकरवाला यायले तयार झाला. पन तो म्हने, तुमची हळद सेंद्रिय हाय हे कागदावर दाखवा, मंगच मी कुकर धुऊन आनीन, नाही त कायले फुकट धूत बसू.”

“दोन देते. एक घरी राहू द्या.”

“द्या मंग दोन.”

मी तीन काढल्या. दोन तिला दिल्या, तिसरी तिच्या जुन्या कागदी फाईलीला लावली. मूळ प्रमाणपत्र तिने वहीच्या मधल्या पानात ठेवलं, वही पिशवीत घातली आणि जिना उतरून गेली. बसला अजून वीस मिनिटं होती, पण कुकरवाल्याला फोन करायचा होता आणि माडीवर तिच्या फोनला रेंज येत नाही.